टिल्लूच्या गेममधला पाठमोरा

तसं काम साधंच होतं. टिल्लूचा गेम खेळायचा आणि संध्याकाळपर्यंत परीक्षण द्यायचं. गेमची परीक्षणं लिहिणं हाच माझा धंदा, आणि टिल्लू म्हणजे माझा मावसभाऊ. संपादक म्हणाले, "घरचंच कार्य आहे, लिहा चार बरे शब्द."

इतरांनी चार नाही, चारशे लिहिले होते. बंदूक घेऊन भुयारातून धावायचं, समोर येईल त्याला उडवायचं, असला जुन्या वळणाचा गेम. सगळं चित्र जाडंभरडं, ठोकळ्याठोकळ्यांचं. पण एकाला त्याच्या वेगाने वेड लावलं, दुसऱ्याला चकवणाऱ्या वाटांनी. आणि राक्षस तर सगळ्यांनाच आवडले. टिल्लूने त्यांची फक्त समोरची सपाट चित्रं काढलेली; कुठल्याही बाजूने जा, ते तुमच्याकडेच तोंड करून उभे. पूर्वी गेम बनवणारे मेहनत वाचवायला असं करत. त्यालाही लोक 'कलादृष्टी' म्हणत होते! मावशीने तर फोन करून मला सगळं वाचून दाखवलं. माझा नुसता तिळपापड झाला. लहानपणी आम्ही एकाच कॉम्प्युटरवर खेळायचो. जिंकायचो मी. हा शेजारी बसून नाक ओढायचा.

म्हणून खेळायच्या आधीच मी परीक्षण लिहून ठेवलं. फक्त एका ठळक दोषाची जागा मोकळी सोडली.

दुपारी खिडकीचे पडदे ओढून, दार लोटून बसलो. पहिल्या भुयारात दोष नाही. दुसऱ्यात नाही. गेम खरंच चांगला होता, आणि तेच मला सोसवत नव्हतं. कॉम्प्युटर तापून धुळीचा जळकट वास यायला लागला. आतला पंखा घरघरत होता. मग ती घरघर हळूहळू कुणीतरी अगदी जवळ बसून श्वास घ्यावा तशी वाटू लागली.

शेवटच्या खोलीत खुर्चीवर एकजण बसला होता. पाठमोरा. मी डावीकडून गेलो, पाठ. उजवीकडून गेलो, पाठच. सापडला की नाही दोष! मी इतका हरखलो, की त्याच्या अंगात माझाच चौकड्यांचा शर्ट आहे हे लक्षातच आलं नाही. आलं तोवर गोळी सुटली होती. तो पडला नाही. नुसता... नाहीसा झाला.

टिल्लूला फोन लावला.

"तो पाठमोरा माणूस चुकलाय तुझा."

"कुठला माणूस?"

"शेवटच्या खोलीतला. खुर्चीतला."

"दादा... ती खोली रिकामी आहे. पाठमोरं चित्र मी एकसुद्धा काढलेलं नाही."

"थापा मारू नकोस."

"शप्पथ, दादा..."

मी फोन ठेवला. मागे दार वाजलं. बायको आली होती. माझे डोळे स्क्रीनवर, त्या रिकाम्या खुर्चीवरच होते.

"मावशींचा फोन होता. टिल्लूला बक्षीस मिळालं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "अहो... असं खाऊ की गिळू काय बघताय माझ्याकडे?"

मी हललोही नव्हतो.

ती खिडकीकडे सरकली असावी. आवाज आता उजवीकडून आला, अगदी दबका.

"नका ना बघू असं..."

मग पुन्हा मागून, दाराजवळून.

"तिकडे तोंड करा ना... स्क्रीनकडे..."

माझं तोंड स्क्रीनकडेच होतं.