दुसरी टक्कर

टेबलाखालच्या अर्धवट अंधारात त्या दोघांची पहिली भेट झाली, आणि तीही डोक्याला डोकं आपटून.

ललिता खोडरबर शोधत होती. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या साचे बनवणाऱ्या लहानशा कारखान्यात सगळी ड्रॉइंगं केव्हाच संगणकावर होऊ लागली होती. तरी हातात पेन्सिल असल्याशिवाय तिला रेषा सुचत नसे, आणि पेन्सिलीमागून खोडरबर येईच. ते घरंगळत टेबलाखाली गेलं, त्याच्यामागे ती गेली. पलीकडून, एका निळ्या वायरीचा माग काढत, कोणी अनोळखी माणूस गुडघ्यांवर सरकत येत होता.

“आई गं!”

“सॉरी मॅडम, सॉरी... लागलं का?”

“छे, बरं वाटलं!” कपाळ चोळत ललिता म्हणाली. आणि मग, लहानपणापासून अंगात मुरलेलं काहीतरी तिच्या तोंडून नकळत निसटलं, “आता अजून एकदा आपटावं लागेल. नाहीतर शिंगं येतात.”

तो तिच्याकडे पाहत राहिला. त्याच्या भुवईवर कोळिष्टकाचा एक धागा अडकला होता, आणि डोळ्यांत हसू की संकोच, हे त्या उजेडात नीट कळत नव्हतं.

“एकाच दिवशी दोन नको,” तो म्हणाला. “दुसरी राहू द्या... पुढच्या खेपेला.”

बाहेर आल्यावर त्याने कार्ड पुढे केलं. बी. जे. पगार. संगणक दुरुस्ती आणि नेटवर्क.

“सटाण्याकडचे?” तिने विचारलं. ती चांदवडची, त्या आडनावाचं तिला नवल नव्हतं. “आणि बी म्हणजे?”

“ते... नंतर कधीतरी.”

ऑफिसला मात्र ते आडनाव पुरून उरलं. चहापाणी पाहणाऱ्या लताबाई त्याची मोटारसायकल फाटकात दिसली की दारातूनच आरोळी देत, “पगार आला हो, पगार!” आणि दर वेळी नव्याने फसून चार माना आशेने वर होत.

ललिताची मान मात्र त्याआधीच वर झालेली असे.

कारण त्याला बोलावलेलं तिनेच असे. पावसाळाभर तिचा संगणक विलक्षण नाजूक प्रकृतीचा झाला. कधी माऊस अडखळे, कधी पडदा थरथरे, कधी की-बोर्डातलं एखादं अक्षर रुसे. तो येई, खुर्ची ओढून बसे, माऊस उलटा करून त्यातली रबरी गोळी तळहातावर घेई, रुमालाने हलकेच पुसून खिडकीच्या उजेडात धरी... जणू त्या करड्या गोळीत सगळ्या पावसाचं आभाळ मावलेलं असावं.

“स्वच्छ आहे हा. काहीच झालेलं नाही.”

“तुमच्यासमोर शहाण्यासारखा वागतो.”

“मीसुद्धा,” गोळी जागेवर बसवत, तिच्याकडे न पाहता तो म्हणाला.

त्या एका शब्दावर ललिताने पुढचा आठवडा काढला. खिडकीबाहेर पत्र्यावरून ओघळणाऱ्या पाण्याच्या रेषा ती पाहत बसे, आणि ज्यांना कुठलंच माप लावता येत नाही अशाही रेषा जगात आहेत, हे तिला पहिल्यांदाच जाणवे.

दसऱ्याची सुट्टी संपवून सगळे परतले, त्या सकाळी मात्र खरोखरच काहीतरी बिघडलं.

कारखान्याची सारी ड्रॉइंगं कोपऱ्यातल्या सर्व्हरवर राहत. प्रत्येकाच्या संगणकावरून तिथे पोचण्याची वाट एकच: झेड ड्राइव्ह. ललिताने सुट्टीआधीचं ड्रॉइंग झेडवरून उघडलं, एक वर्तुळ सरकवलं, सेव्हवर क्लिक केलं. पडद्यावर लाल चौकट आली. सेव्ह करता येत नाही. बस्स, एवढंच, कारण नाही, दिलगिरी नाही. शेजारच्या टेबलावर तेच, पलीकडच्या टेबलावरही तेच.

दुपारपर्यंत खालच्या शॉपमधली यंत्रं दुरुस्त ड्रॉइंगाविना खोळंबली आणि मालक निवृत्तीराव चष्मा कपाळावर चढवून ड्रॉइंग ऑफिसच्या दारात उभे राहिले.

“बोलवा त्या पगारला. शेवटचं बोलवा. दर आठवड्याला हा माणूस इथे असतो आणि दर आठवड्याला काहीतरी बिघडलेलंच! याला काम येत नाही, दुसरं काय? आज याच्याकडून नीट झालं तरी उद्यापासून दुसरा माणूस बघतो मी.”

ललिताच्या हातातली पेन्सिल थांबली. दर आठवड्याला... तिने हौसेने रचलेली प्रत्येक खोटी तक्रार त्याच्या नावावर जाऊन बसली होती. त्याला पुन्हापुन्हा पाहता यावं म्हणून तिने जे केलं, त्यामुळेच आता तो कधीच दिसणार नव्हता.

तो आला तेव्हा हस्ताच्या सरी कोसळत होत्या. केसांतून पाणी निथळत होतं. लताबाईंनीही आज आरोळी दिली नाही.

“आज काय झालं?” नेहमीच्या खोडकर सुरात त्याने विचारलं.

“आज खरंच झालंय,” ललिता म्हणाली, आणि तिला वाटलं, आपला आवाज फार खोलातून येतोय.

त्याने एकेक शक्यता पुसत नेली. वायर घट्ट होती. सर्व्हरवर जागा मुबलक होती. परवानग्या होत्या तशाच होत्या. मग तो तिच्या खुर्चीशेजारी वाकला.

“हेच ड्रॉइंग वेगळ्या नावाने सेव्ह करून बघा बरं.”

तिने नाव बदललं. सेव्हवर क्लिक केलं. लाल चौकट आली नाही.

“झालं!” ती दचकून म्हणाली. “नवं नाव चालतं. मग जुन्या नावाचंच काय वावडं?”

“नव्याला हा अडवत नाही. जुन्यावर लिहायला गेलं की अडवतो...” तो पुटपुटला. झेडवरची यादी त्याने उघडली. नुकतीच सेव्ह केलेली फाइल यादीच्या तळाशी जाऊन बसली होती. ललिताने तिच्यापुढची तारीख बोटाने दाखवली.

“ही जानेवारी कुठून आली? तीही कितीतरी वर्षांपूर्वीची!”

तो उठला, कोपऱ्यातल्या टेबलाखाली वाकला. सर्व्हरच्या काळ्या पत्र्यावर हळदीकुंकवाची बोटं होती, वर सुकलेल्या झेंडूची माळ.

“हा बंद कधी केला होता?” त्याने हळूच विचारलं.

“खंडेनवमीला. पूजा झाल्यावर...” ती अडखळली. “त्या दिवशी कुठलंच हत्यार चालवायचं नसतं ना. खाली लेथ बंद, ड्रिल बंद... मला वाटलं, हाच एकटा का राबेल? दसऱ्याच्या सुट्टीपुरता भिंतीवरच्या बटणापासूनच बंद केला. मीच.”

तो हसला. ते हसणं चिडवण्याचं नव्हतं. पावसात उभ्या माणसाला कोणी छत्रीत ओढून घ्यावं, तसं होतं.

“बसवल्यापासून हा कधी झोपलाच नव्हता. वीज गेली तरी इन्व्हर्टरवर जागा असायचा. याच्या पोटात घड्याळासाठी एक छोटा सेल असतो, तो केव्हाच मेला होता. जागा होता तोवर कळलं नाही. तुम्ही निजवलंत... आणि उठला तो सगळी मधली वर्षं विसरून.”

“आणि म्हणून सेव्ह करत नाही?”

“तुमच्या नव्या ड्रॉइंगवर हा जुनी तारीख मारतो. तुमचं सॉफ्टवेअर बघतं, आधीचं ड्रॉइंग तर याहून नवं दिसतंय. त्याला वाटतं, कोणीतरी नव्यावर जुनं लिहायला निघालंय. ते बिघडलेलं नाही हो... ते नव्याला जपतंय.”

त्याच्या बॅगेत नाण्याएवढा सेल होता. तो बसवून त्याने सर्व्हर चालू केला आणि मान वळवून विचारलं, “किती वाजले? माझं घड्याळ भिजलंय.”

“माझं जरा पुढे असतं.”

“असू द्या. तुमचीच वेळ घालतो.”

तिने मनगट पुढे केलं. काच पुसण्याच्या निमित्ताने त्याचा अंगठा तिच्या घड्याळावर क्षणभर टेकला, आणि ज्या क्षणाची नोंद तो करत होता तो क्षण दोघांच्याही हातून निसटून गेला. वेळ घालून झाल्यावर त्याने ती जानेवारीची फाइल पुसून टाकली. मग ललिताने जुन्या नावानेच सेव्ह केलं. झेडने ते मुकाट्याने ठेवून घेतलं.

निवृत्तीराव आले. सगळ्या टेबलांवरून एकदा नजर फिरवून त्यांनी विचारलं, “कशाने झालं हे?”

ललिताने ओठ उघडले. पण तो आधी बोलला.

“सर्व्हरचा सेल संपला होता, साहेब. मी वेळेवर बघायला हवा होता. चूक माझी.”

“तेच म्हणतो मी! तुमच्याकडून होत नाही, पगार. पावसाळाभर बघतोय. उद्यापासून येऊ नका.”

“बरं, साहेब,” तो म्हणाला आणि बॅगेची चेन ओढू लागला. पूजा, बटण, तिचं नाव... यातलं काहीही त्याने उच्चारलं नाही. ती चेन अर्ध्यावर अडकली. तो ती ओढत राहिला.

ललिता उठून उभी राहिली. सगळं ऑफिस ऐकत होतं, हे तिला ठाऊक होतं.

“सर, सर्व्हर मी बंद केला होता. आणि पावसाळाभरच्या त्या तक्रारी... त्यातली एकही खरी नव्हती. माऊस कधी अडखळला नाही. पडदा कधी थरथरला नाही. यांच्या कामात खोट नाही, सर.”

“मग कशाला बोलावत होतीस त्याला?” निवृत्तीरावांनी चष्मा डोळ्यांवर ओढला.

ललिताचा चेहरा कानांपर्यंत तापला.

“आवो साहेब,” दारातून लताबाई म्हणाल्या, “साऱ्या हापिसाला म्हाईत हाय, तुमालाच कसं नाय? लय दिवसाची तक्रार हाय ती. माऊसची नाय, पोरीची!”

कोणीतरी फिस्सकन हसलं. निवृत्तीरावांनी ललिताकडे पाहिलं, बॅगेशी झटणाऱ्या त्या भिजल्या माणसाकडे पाहिलं, आणि घसा खाकरला.

“काम बघत राहा, पगार. आणि ललिता... यापुढे खरी तक्रार असेल तरच फोन. बाकीचं कारखान्याबाहेर.” दारापर्यंत जाऊन ते वळले. “आणि पुढच्या खंडेनवमीला त्या डब्याला नुसतं कुंकू लावा. बटणाला हात लावू नका.”

टेबलं हळूहळू आपापल्या कामांत बुडाली. सर्व्हरचं झाकण बसवायचं राहिलं होतं. तो पुन्हा कोपऱ्यातल्या टेबलाखाली गेला. स्क्रू धरायला कोणीतरी हवंच होतं. निदान ललिताला तसं वाटलं.

खाली पंख्याची मंद घरघर होती, झेंडूचा सुकलेला वास होता. बाहेरचा पाऊस तिथे फक्त आवाजापुरता पोचत होता.

“मला माहीत होतं,” स्क्रू पिळत तो म्हणाला. “माऊसला काही झालेलं नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

“मग येत का होतात?”

“गोळी पुसायला.” तो थांबला. मग शहरात आल्यापासून घडी घालून ठेवलेल्या आईच्या बोलीत, अगदी हलक्या आवाजात म्हणाला, “तू माले आवडस.”

ती चांदवडची होती. तिला उलगडून सांगावं लागलं नाही. तिच्या मुठीत शेवटचा स्क्रू होता.

“बी म्हणजे काय, ते राहिलंय अजून,” ती म्हणाली.

“भिकन,” त्याने मान खाली घातली. “माझ्याआधीची भावंडं जगली नाहीत. मग आईने देवापुढे पदर पसरला, मला मागून घेतलं. म्हणून भिकन. कार्डावर लिहायला लाज वाटते... भीक मागितल्यासारखं.”

“लाज कसली?” ललिता म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू होतं, पाणीही होतं. “मीसुद्धा तेच केलं की. पावसाळाभर तुला मागूनच घेत होते.”

त्याने मान वर केली. ती पुढे झुकली, आणि पहिल्या दिवशी जिथे लागलं होतं नेमकं तिथेच, आपलं कपाळ तिने त्याच्या कपाळावर टेकवलं. आवाज झाला नाही. लागलंही नाही.

“शिंगं नकोत,” डोळे मिटून ती म्हणाली.

“लताबाई!” वरून कोणीतरी विचारलं, “पगार गेला का हो?”

“नाय,” कपबशा विसळता विसळता लताबाईंनी उत्तर दिलं. “आता कुटं जातोय त्यो!”