खडूची फुली

प्रताप नगरात, मार्चच्या भर दुपारी, कडुलिंबाखाली उभ्या केलेल्या एका पिवळ्या व्हॅनमधून इतक्या मोठ्यानं गाणी वाजत होती की समोरच्या बॅटरीच्या दुकानात काउंटरवरचे स्क्रू थरथरत होते. अपेक्षानं दोन वेळा डोकं वर काढून पाहिलं. तिसऱ्यांदा ती रागानं उठलीच, आणि तेवढ्यात गाणं आपोआप बंद पडलं. मग किल्ली फिरवल्याचा आवाज आला. कट्... कट्... आणि शांतता.

झालं! अपेक्षाला हसूच आलं. हातात मीटर घेऊन ती बाहेर गेली.

"दादा, गाडी सुरू होत नाही ना?"

आतला तरुण घामानं निथळत होता. त्यानं मान वळवली, तिच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. दुपट्ट्याला अॅसिडची दोन भोकं, नाकाच्या शेंड्यावर काळा डाग, आणि डोळे असे की... पण ते राहू द्या. त्याचा चेहरा मात्र एकदम पडला.

"दादा नका म्हणू ना."

"मंग काय म्हणू? काका?"

"प्रशिक. खाप्याचा."

"बरं. प्रशिकदादा, सीट उचला. बॅटरी पाहू द्या."

मीटरचा आकडा पाहून तिनं कपाळावर हात मारला. "अहो, गाणे ऐकाले अन् गाडी चालू कराले एकच बॅटरी वापरून राहिले तुमी? ही फक्त गाडी चालू कराची. तासनतास साउंड वाजवाचा तर वेगळी लागते, हळूहळू पण लांबवर पुरणारी. डीप सायकल म्हणतात तिले."

प्रशिकनं डोकं खाजवलं. खाप्याला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला होता, त्याच्या इन्व्हर्टरच्या तसल्या चार जुन्या बॅटऱ्या त्याच्याकडे पडून होत्या. चालतील का?

"आणा. तपासल्याशिवाय कसं सांगू?"

तो दुसऱ्याच दिवशी हजर! पंचेचाळीस किलोमीटर, चार जड बॅटऱ्या, आणि वर एक डझन संत्री. संत्री कशासाठी, असं तिनं विचारलं तर म्हणे, "बॅटरी तपासताना भूक लागते ना."

दुकान अपेक्षाच्या बाबांचं, धम्मानंद यांचं. माणूस करड्या आवाजाचा आणि कमी बोलण्याचा. त्यांच्या डाव्या मनगटावर एक मोठा पांढरट व्रण होता. फार वर्षांपूर्वी एक खराब बॅटरी चांगल्या बॅटरीला जोडली, बंद खोलीत गॅस साठला, एक ठिणगी उडाली आणि बॅटरी हातातच फुटली, त्याची ती खूण. डोळे वाचले हेच नशीब. तेव्हापासून दुकानात नियम एकच: तपासल्याशिवाय बॅटरी बाहेर जाणार नाही. अपेक्षानं आयटीआय केलं तेव्हापासून तपासायचं काम तिचं. चांगल्या बॅटरीवर ती खडूनं बरोबरची खूण करायची, खराब असली तर फुली. गिऱ्हाईक बॅटरी उचलायला लागलं की बाबा आतून विचारायचे, "कोणी तपासली?" उत्तर "अपेक्षानं" असलं की म्हणायचे, "मंग ठीक आहे." एवढंच. पण या तीन शब्दांसाठी अपेक्षा दिवसभर अॅसिडच्या वासात उभी राहू शकत होती.

चार बॅटऱ्या तपासायला खरं तर आठवडा पुरला असता. लागले तीन आठवडे. का लागले, हे तुम्हीच समजा!

एकेक बॅटरी हळूहळू चार्ज करायची, मग चोवीस तास तशीच ठेवायची, मग मीटर लावायचं, मग गाडीचा हेडलाइट बल्ब जोडून किती तास टिकते ते पाहायचं. प्रशिक दर तीन-चार दिवसांनी काहीतरी निमित्त काढून यायचा. कूलरच्या खसाच्या ताट्यांचा ओला वास, मधूनच अंगावर उडणारे पाण्याचे थेंब, आणि बल्बसमोर बसलेले दोघं.

"चार्जरवरून काढल्याबरोबर काहून नाही मोजत वं?" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"कारण तवा ती खोटं बोलते. नुकतीच भरलेली असते ना, आकडा चांगलाच दाखवते. एक रात्र एकटी राहू दे, मंग खरं काय ते कळते."

"असं होय..." तो तिच्याकडे पाहत म्हणाला. "माणसाचंही तसंच असते का?"

"मले काय माहीत? मी बॅटऱ्या तपासते."

त्याच्या घाईचं कारणही तिला एव्हाना कळलं होतं. त्याचे आजोबा, लहानू, तरुणपणी गावोगाव भीमगीतं गायचे. पाच वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता नुसती कुजबुज उरली होती. परवा घरातल्या पेटीत त्यांची एक जुनी कॅसेट निघाली. चौदा एप्रिलला, संध्याकाळी, विहारासमोर व्हॅन उभी करून साऱ्या खाप्याला आजोबांचा आवाज ऐकवायचा, हे त्याच्या मनानं घेतलं होतं.

"आजोबांनाच ऐकवाचा आहे, खरं सांगू तं," तो म्हणाला. "ते म्हणतात, माह्या आवाज कसा होता तेच इसरलो मी."

त्या दिवशी अपेक्षा घरी जेवताना दोनदा मीठ घ्यायला विसरली. आई म्हणाली, ऊन लागलं पोरीला.

बारा एप्रिलला तो बॅटऱ्या न्यायला आला. चारपैकी दोन चांगल्या निघाल्या होत्या, एक पार गेलेली, आणि एक फसवी. फसवी म्हणजे चार्जरवर छान दिसणारी, पण आतला एक सेल बसलेला. या दोघींवर फुली होती. द्यायच्या आधी अपेक्षा सगळ्यांची वरची बाजू सोड्याच्या पाण्यानं पुसत होती आणि प्रशिक शेजारी बसून काहीबाही बोलत होता.

"आता बॅटऱ्या संपल्या. यापुढं कोणतं निमित्त काढू?"

"टॉर्चचा सेल आण," ती हसत म्हणाली.

"त्याले किती दिवस लावशील?"

"आणून तं पाहा..."

हसता हसता तिचा ओला फडका खडूच्या खुणांवरूनही फिरला. अगं बाई! तिनं जीभ चावली, खडू उचलला आणि आठवेल तशा खुणा पुन्हा केल्या. चार्जरवरून नुकत्याच उतरलेल्या होत्या, पार गेलेली सोडून बाकी तिन्ही मीटरवर सारख्याच दिसल्या. आतून आवाज आला, "कोणी तपासली?" प्रशिक म्हणाला, "अपेक्षानं." बाबा म्हणाले, "मंग ठीक आहे."

निघताना तिनं त्याला बजावलं, "लगेच जोडू नको. रात्रभर तशाच ठेव. सकाळी मीटर लाव, वहीत लिही. दोघींच्या आकड्यात फरक असला तं बिलकुल जोडू नको. ऐकून राहिला ना?"

"हव ना बाप्पा, ऐकलं." पण त्याचं लक्ष तिच्या बोलण्यापेक्षा बोलणाऱ्या तोंडाकडेच जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलीवाल्या बॅटऱ्या भंगारात द्यायच्या होत्या. अपेक्षाची एक सवय होती, भंगारात जाणाऱ्या बॅटरीलाही एकदा शेवटचा बल्ब जोडून बघायची. फसवीचा बल्ब अर्ध्या तासात पिवळा पडायला हवा होता. अर्धा तास झाला, एक तास झाला. बल्ब लखलखत होता.

ती बघत राहिली. मग तिनं बॅटरीवरची फुली पाहिली.

चांगली बॅटरी इथं होती. म्हणजे फसवी खाप्याला गेली होती. उद्याचा कार्यक्रम, आज तो जोडणारच. बंद व्हॅनमध्ये, सीटमागे, चांगलीच्या जोडीला फसवी... तिची नजर बाबांच्या मनगटाकडे गेली.

फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. दहा वेळा बंद.

"बाबा, माह्याकडून चूक झाली." तिनं सगळं सांगितलं.

बाबांनी बल्बकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "खुणा पुसल्या तवा लक्ष कुठं होतं?"

तिनं स्कूटीची किल्ली उचलली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी ती चांगली बॅटरी उचलली, गॅसचं सिलिंडर ठेवतात तशी तिच्या स्कूटीवर पायाशी ठेवली आणि सायकलच्या ट्यूबनं करकचून बांधली. "मी इथून फोन लावत राहतो. तोंडाले बांध. हेल्मेट घाल. अन् सावकाश जा, दोघांची काळजी कराले लावू नको मले."

कोराडी मागं पडलं तेव्हा ऊन डोक्यावर होतं. रस्ता वाफाळत होता, गरम वारा थोबाडीत मारल्यासारखा लागत होता. पाटणसावंगीला थांबून तिनं पुन्हा फोन लावला. बंद. त्याचे डोळे तिला आठवत होते, बल्बच्या उजेडात मिचकावणारे. ते डोळे माझ्या एका खडूच्या रेघेपायी... नाही नाही! तिनं स्कूटी दामटली. आपण त्या पोरावर जीव टाकून बसलोय, हे तिला तिथं रस्त्यावर, संत्र्याच्या बागांमधून जाताना लख्ख कळलं. आणि कळलं ते अशा वेळी, याचं तिला रडूच फुटलं.

खाप्यात विहाराजवळ निळ्या पताका लागत होत्या. विचारत विचारत ती घराशी पोचली. अंगणात पिवळी व्हॅन. दारं सताड उघडी. आत कोणीच नाही.

"प्रशिक!" ती किंचाळलीच.

"ओ..." घराच्या बाजूच्या छपरीतून आवाज आला.

तो चटईवर बसला होता. समोर दोन बॅटऱ्या, दोघींच्या मध्ये हातभर अंतर, एकही वायर जोडलेली नाही. हातात मीटर, मांडीवर वही. बाजूला खाटेवर लहानू आजोबा पंख्यानं वारा घेत होते.

"तू जोडली नाही?"

"नाही ना. तूच तं म्हणली होती." त्यानं वही पुढं केली. सकाळी सातपासूनचे आकडे, दर तासाचे, शाळेतल्या मुलासारख्या गोल अक्षरात. एक नंबर, १२.६. दोन नंबर, १२.१, मग ११.५, मग १०.९. खाली लिहिलं होतं, 'फरक आहे. जोडायची नाही. अपेक्षा म्हणाली.'

अपेक्षाचा जीव भांड्यात पडला. ती होती तिथंच, हेल्मेटसकट, मटकन खाली बसली. आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम सुरू झालं.

"फोन! फोन काहून बंद आहे तुह्या?"

"आजोबाले सकाळपासून दुसरे गाणे ऐकवून राहिलो होतो ना त्याच्यावर, त्यांचं उद्याले राखून ठेवलं... बॅटरी उतरली." तो ओशाळला. "चार्जिंगले लावाले गेलो तं लाइन गेली. अन् मले वाटलं, तुले सांगतलं तं तुह्ये बाबा तुले रागावतील. उद्या एकाच बॅटरीवर भागवू म्हणलं. एक गाणं तं होतेच."

"फुटली असती तं? डोळे गेले असते तुह्ये!" ती ओरडली. "मी वाटेनं काय काय विचार केला माहीत आहे? मले तुह्यं गाणं नको, साउंड नको, मले तू पायजे! धडधाकट!"

आजोबांच्या हातातला पंखा थांबला. आपण काय बोललो ते अपेक्षाच्या आता लक्षात आलं. तिनं गडबडीनं हेल्मेटची काच खाली ओढली.

खाटेवरून कुजबुज आली, "अबे, पोरीले पाणी दे आधी. मंग बोल."

प्रशिकनं माठातलं पाणी आणलं. काच स्वतःच वर केली. आणि तिच्यासमोर उकिडवा बसून, पहिल्यांदाच, एकही चेष्टा न करता म्हणाला, "आईनं सांगतलं गाडी हळू चालव, नाही ऐकलं. मास्तरानं सांगतलं अभ्यास कर, नाही ऐकलं. जन्मात कोणाचंच ऐकलं नाही मी, इचार आजोबाले. तुह्यं पहिल्यांदा ऐकलं. तवाच माह्यं मले समजलं. त्याच्यापरीस वेगळं काय सांगू?"

"काही नको सांगू," ती पाण्याच्या गडव्याआडून म्हणाली. "पुरलं मले."

बाबांना 'सगळं ठीक आहे' असा फोन करून झाल्यावर तिला स्कूटीवरच्या बॅटरीची आठवण झाली. "आणली आहे खरी. आत्ता जोडून देते."

"अजिबात नाही!" प्रशिकनं हात आडवा धरला. "इतक्या दुरून हलत आली ती. रात्रभर तशीच राहू दे. सकाळी मीटर लावू."

"अन् सकाळी आकडा कोण पाहणार?"

"ज्यानं नियम केला त्यानं यावं ना."

"येते मंग."

"अन् परवा?"

"परवा काय आहे?"

"काही नाही," तो म्हणाला. "असंच इचारलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बॅटऱ्या १२.६ वर एकसारख्या निघाल्या. अपेक्षानं दोघींवर खडूनं बरोबरची खूण केली. मग आजूबाजूला कोणी नाही असं पाहून एक खूण प्रशिकच्या नव्या निळ्या शर्टाच्या बाहीवर केली.

संध्याकाळी विहारासमोर व्हॅनमधून आवाज निघाला, खणखणीत, पंचविशीतला. गल्ली शांत झाली. लहानू आजोबा खुर्चीत ताठ बसले, त्यांचे ओठ शब्दाला शब्द हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मीच हाओ," ते सारखे कुजबुजत होते, "मीच हाओ हा."

धम्मानंद दुकान बंद करून मुद्दाम आले होते. गाणं संपल्यावर ते व्हॅनपाशी गेले, वायरी पाहिल्या, बॅटऱ्यांवरच्या खुणा पाहिल्या. मग त्यांची नजर प्रशिकच्या बाहीवर गेली आणि तिथंच थांबली. बाही झाकायला प्रशिकला सुचलंच नाही. अपेक्षा बाबांच्या मागे उभी होती.

"कोणी तपासलं?" त्यांनी करड्या आवाजात विचारलं.

"अ... अपेक्षानं."

बाबांनी वळून लेकीकडे पाहिलं. मग मनगटावरचा व्रण चोळत म्हणाले,

"मंग ठीक आहे."