सरुबाईची वेगळी चूल

"तुझ्या भाजीला ना मीठ, ना चव... मी नाही राहायची आता या घरात!"

भर दुपारी भरल्या ताटावरून उठून सरुबाईने हे वाक्य उच्चारलं आणि ओट्याखालचा आपला जुना तवा काखेत मारला, तेव्हा गल्लीतल्या कौलांवरची कबुतरंसुद्धा दचकून तापीपार उडाली म्हणतात! का उडणार नाहीत? अडुसष्ट वर्षांत त्या माउलीचा चढलेला आवाज बऱ्हाणपुरात कुणी ऐकला नव्हता. आणि खरं बोलण्याचं म्हणाल, तर तिचा असा लौकिक की ती केळीच्या बाजारात शिरली, की व्यापाऱ्यांचे काटे आपोआप सरळ होत. अशा बाईने आज आपल्या सुनेला, पोटच्या लेकीहून लाडक्या छायाला, तोंडावर असं बोलावं!

छाया भिंतीला धरून उभी राहिली. तिच्या हृदयाची झडप निकामी झालेली, चार पायऱ्या चढली तरी ओठ निळे पडत. मीठ कमी करायला डॉक्टरने सांगितलं होतं, आणि "एकटीनं कशाला अळणी खायचं, सगळेच खाऊ" हे म्हणणारी दुसरी कोणी नव्हती... हीच सासू होती!

"आई, माझं काय चुकलं हो?" छायाने कापऱ्या स्वरात विचारलं.

सरुबाईचं अंतःकरण फाटलं. पण चेहरा तिने दगडाचा केला. "मला वेगळं व्हायचंय. नदीपल्याड जैनाबादला खोली घेतलीय."

केळीच्या गाड्या भरून देणारा तिचा मुलगा उमेश तेवढ्यात जेवायला आला होता. तो उंबऱ्यातच थबकला, आणि मग त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते शत्रूनेही आईला बोलू नये. "जाऊ दे तिला, छाया! बाबांची पेन्शन एकटीला खायचीय. तुझ्या आपरेशनला हातभार लावावा लागेल, म्हणून पळतेय माय!"

सरुबाईने ते ऐकलं, गिळलं, आणि चालू लागली. दहा वर्षांची नात हिमानी पदर धरून मागे आली होती. तिची बोटं एकेक करून सोडवताना म्हातारीला वाटलं, आपण आपल्याच काळजाचे देठ खुडतोय...

आता खरं काय ते ऐका.

आठ दिवसांपूर्वी सरुबाई छायाच्या ऑपरेशनची काही सोय होते का ते विचारायला चेतनच्या कियोस्कवर गेली होती. सरकारी कागदांचा हा पोऱ्या गल्लीत प्रसिद्ध. जन्मापासून मरणापर्यंतचे सगळे दाखले त्याच्या एका खोलीतून निघत. आमच्याकडं सरकार घराला ओळखतं ते दारावरच्या पाटीवरून नव्हे, तर 'समग्र' या सरकारी नोंदीतल्या नंबरावरून. एका नंबराखाली जितकी नावं, तितकं ते कुटुंब.

"आजी, सीधी बात आहे," चेतन म्हणाला होता. "घर में सरकारी पेन्शन है. तुमचे चुडामणदादा सिंचाई खात्यात चौकीदार होते ना, त्यांच्या मागं ती तुम्हाला येते. म्हणून तुमच्या घराची गरिबीची पर्ची बनत नाही, आणि पर्ची नाही तर फुकट इलाजाचं आयुष्मान कार्ड नाही. तुमचं एक नाव अलग केलं, तर भाभीचं कार्ड झटक्यात बनेल."

"मंग कर अलग."

"कागज पे करतो. रहना वहीं, खाना वहीं. किसको पता चलता है?"

"मला कळतं ना, बाबा!"

झालं! दुसरी कुणी असती तर कागदावर वेगळी झाली असती आणि संध्याकाळी घरी जाऊन सुनेच्या हातचं वरण जेवली असती. पण सरुबाईच्या मनाने घेतलं की कागदावर वेगळी लिहायची, तर वेगळंच राहायचं! चूल वेगळी, छप्पर वेगळं, तरच ते खरं. आणि खरं कारण घरात सांगावं, तर छाया ऑपरेशनलाच नकार देणार. उमेश म्हणणार, आईला बाहेर काढून बायको वाचवू काय? म्हणून सरकारशी खोटं बोलायचं नाही एवढ्यासाठी ती साध्वी आपल्या माणसांशी खोटं बोलली. कुणाला सांगायचं नाही म्हणून चेतनला तिने तापीमाईची शपथ घातली, आणि भांडायचं कसं याचा जैनाबादच्या खोलीत चार दिवस भिंतीपुढे सराव केला!

महिन्याभरात उमेशच्या दारी कार्ड आलं. "नई सूची में नाव आया," एवढंच चेतन बोलला. "बघ," उमेश छायाला म्हणाला, "सख्ख्या आईनं सोडलं, पण देवानं नाही सोडलं!"

जैनाबादच्या काठावरून उमेशच्या घराची गच्ची दिसते. तुमच्या-माझ्या डोळ्यांना ती काडेपेटीएवढी दिसेल, पण सरुबाईला त्या गच्चीवरच्या दोरीवरचा चिमटासुद्धा दिसे. छाया ऑपरेशनला इंदूरला गेली त्या दिवसापासून दोरीवर उमेशचे शर्ट होते, हिमानीचे फ्रॉक होते... साडी नव्हती. रोज सकाळी म्हातारी काठावर येऊन उभी राही. पाण्यात आपलंच व्याकुळ प्रतिबिंब हले, आणि तिला वाटे, नदीच रडतेय. विसाव्या दिवशी दोरीवर पिवळी साडी फडफडली! सरुबाई तिथेच चिखलात बसली. आनंदाने इतकी रडली, की त्या दिवशी तापीचं पाणी बोटभर चढलं असं जैनाबादचे कोळी अजून सांगतात. मी अर्धं बोट धरतो.

दोन वर्षं गेली. ना मुलगा आला, ना सून. हिमानी मात्र दोन-चार वेळा शाळेतून चोरून येऊन गेली. आणि मग सरुबाईच्या पोटात कळा सुरू झाल्या. पित्ताशयात खडे, काढावेच लागतील. सत्तरी उलटलेली, आणि पेन्शनवालीला कार्ड नाही! त्याच सुमारास बातमी आली की सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना कार्ड मिळणार. गरीब असो, पेन्शनवाला असो, नाहीतर शेठ असो.

शाळेच्या आवारात शिबिर लागलं आणि कार्डांपेक्षा वादच जास्त वाटले गेले. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या मावशीचं कार्ड काढायला तिला घेऊन उमेश आणि छायाही आले होते. आणि उमेश तिथे तावातावाने बोलत होता.

"सगळ्यांना कशाला? ज्याला गरज, त्याला द्या! शेठची माय पण फुकट, आमची पण फुकट... मग खऱ्या गरिबाच्या वाट्याला खाट तरी उरंल का दवाखान्यात?"

"आणि गरज ठरवणार कोण, तू?" कार्ड सगळ्यांनाच द्या अशा अर्जावर रांगेत सह्या गोळा करणारे नंदकुमार मास्तर काठी आपटून म्हणाले. "तुझा कागद तुला गरीब म्हणतो, मला म्हणतो मध्यमवर्गीय. दुखणं काय कागद विचारून येतं का रे?"

"मास्तर, पेन्शनवाल्यांनी बोलू नये! माझीच माय बघा. पेन्शन घेऊन वेगळी झाली, सून मरायला टेकली तरी वळून पाहिलं नाही. अशांना कार्ड द्यायचं?"

रांगेच्या शेवटी पोट दाबून उभी असलेली सरुबाई हे ऐकत होती. ती गुपचूप माघारी वळली. दोन पावलं टाकली असतील, तेवढ्यात कळ आली आणि ती खाली बसली.

टेबलामागे कार्डं बनवत बसलेला चेतन ताडकन उठला. "उमेशभैया, बस! आता मला शपथेचं पाप लागू दे. भाभीचं कार्ड देवाने नाही बनवलं. आजीनं अपना नाव काटून बनवलं! मी म्हटलं कागज पे अलग हो जाओ, तर बोलली, झूठ कैसे लिखूं... आणि खरोखर घर सोडून गेली!"

उमेशचा चेहरा राखेसारखा झाला. छाया मात्र धावली, जी बाई चार पायऱ्या चढू शकत नव्हती, ती ते अख्खं आवार धावत आली आणि सरुबाईच्या पायांना मिठी मारून आक्रंदली, "आई! मी दोन वर्षं स्वतःलाच विचारत राहिले हो, माझं काय चुकलं म्हणून..."

"काही नाही गं राणी. अळणी भाजी फार गोड होती तुझी," सरुबाई म्हणाली.

उमेश गुडघ्यावर आला. "माय... मार मला. पण घरी चल. चेतन, हिचं नाव आत्ताच्या आत्ता परत जोड!"

"जोडतो. पण मग तुमची पर्ची जाईल, आणि भाभीचं कार्ड पण."

"नको!" सरुबाई कळवळली. "तिला दरसाली तपासणीला इंदूरला जावं लागतं. मी आहे तिथं सुखात आहे. आणि नाव तिकडं, ताट इकडं, असलं मी करायची नाही!"

छायाने डोळे पुसले. तिचा आवाज शांत होता. "झडप नवी आहे, आई. तपासणीचं आम्ही दोघं बघू. मी शिवणकाम सुरू केलंय. कार्ड गेलं तर जाऊ दे... सासू घालवून मिळालेलं कार्ड मला पुन्हा नको."

उमेश उठून मास्तरांपुढे गेला. "मास्तर, त्या अर्जावर माझी सही घ्या. सगळ्यांना द्या म्हणावं, सरसकट, लेकरापासून म्हातारीपर्यंत. गरज मोजायला गेलं की घरं मोडतात."

शिबिरात सरुबाईचं कार्ड झालं आणि त्याच कार्डावर तिचे खडे निघाले. डॉक्टरने ते बाटलीत घालून दाखवले. त्यातला एक सुपारीएवढा होता. गल्लीत पोचेपर्यंत तो लिंबाएवढा झाला, आणि त्यात माझा हात नाही असं मी म्हणणार नाही.

दवाखान्यातून रिक्षा थेट घरी जायची होती. पण सरुबाईने ती कियोस्कपुढे थांबवली. "आधी कागद. मंग उंबरा."

चेतनने नाव जोडलं आणि विचारलं, "मुखिया, म्हणजे घरचा कर्ता, उमेशभैयाच ना?"

"नाही," उमेश म्हणाला. "मुखिया मायला कर."

"अरे, मला कशाला या वयात!" सरुबाई लाजून लाल झाली. पण यंत्र खरखरलं आणि कागद बाहेर आला. हिमानीने तो मोठ्याने वाचला, "परिवाराची मुखिया, सरुबाई चुडामण!"

म्हातारीने कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि डोळ्यांतलं पाणी पदराने टिपत पहिला हुकूम सोडला.

"मंग ऐका सगळे. आजपासून या घरात मला विचारल्याशिवाय कुणी आजारी पडायचं नाही!"