पाण्याचा रेणू वाकडा का?

रसायनाच्या बाईंचा चहा त्या दिवशी सांडला नसता, तर वर्गातला पहिला आणि वर्गातली शेवटून दुसरी वर्षभर एकमेकांशी बोलली नसती. चहाने दोन उत्तरपत्रिका चिकटल्या, आणि पहिल्याच्या दप्तरातून शेवटून दुसरीचा पेपर त्याच्या घरी गेला.

पहिल्याला सगळे घोक्या म्हणत. अख्खं पुस्तक पाठ, अनुक्रमणिकेसकट! तिला म्हणत गारगोटी. तिचे वडील बर्फाच्या कारखान्यात होते, आणि तिच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घोक्या पेपर परत द्यायला कारखान्यात आला. ती ऑफिसातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर अभ्यास करत बसली होती.

"वाचलास?" तिने पेपर हिसकावून घेतला. "पस्तीसपैकी आठ. हस की मग!"

"हसायला नाही आलो... सातव्या प्रश्नाला बाईंनी मला पूर्ण मार्क दिलेत, तुला शून्य. पण तुझं उत्तर वाचलं आणि माझी झोपच उडाली."

सातवा प्रश्न पाण्याच्या रेणूचा होता. त्याने 'वाकडा' असं लिहून कोन अर्ध्या अंशापर्यंत अचूक दिला होता. तिने रेणू सरळ रेषेत काढला होता आणि खाली लिहिलं होतं, 'दोन्ही हायड्रोजनांना एकमेकांपासून लांबच राहायचं असणार. मग एका बाजूला दाटी कशाला करतील?'

"तुझं चूक आहे हे मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण का चूक आहे... ते नाही सांगता येत."

गारगोटीने हिसकावलेला पेपर टेबलावर ठेवला. तिच्या उत्तरापायी कुणाची झोप उडावी, हे तिच्या बाबतीत प्रथमच घडत होतं. शनिवारी तिची तोंडी फेरपरीक्षा होती. त्यात नापास झाली तर विज्ञान शाखा सोडावी लागणार होती. बाईंनी पाठवलेलं तसं पत्र बाबांनी मुकाट्याने सही करून परत दिलं होतं, आणि ते मुकाटपणच तिच्या जिव्हारी लागलं होतं.

"शनिवारपर्यंत रोज येशील?" तिने विचारलं आणि लगेच जीभ चावली.

"येईन की."

मग रोज संध्याकाळी तो घडाघडा म्हणायचा आणि ती दर दोन ओळींनी त्याला अडवायची. कधी तो चिडायचा, कधी ती. चौथ्या दिवशी तो कुठल्यातरी दुसऱ्याच धड्यातली व्याख्या म्हणत होता, "बंधात भाग न घेता अणूपाशीच राहणाऱ्या..."

"थांब! कोण राहतं अणूपाशी?"

"इलेक्ट्रॉनांच्या जोड्या. ऑक्सिजनकडे अशा दोन असतात."

"दोन? अरे शहाण्या, मग त्यांनाही जागा लागणारच ना! त्याच ढकलतात हायड्रोजनांना. म्हणून वाकडा!"

"दोन्ही धडे पाठ होते गं मला," तो पुटपुटला. "पण ते एकमेकांशेजारी कधी ठेवलेच नाहीत..."

तेवढ्यात पलीकडे बाबांनी साच्यातून बर्फाची एक लादी बाहेर काढली. दोघं धावत तिथे गेले. पारदर्शक, पुरुषभर उंच लादी, आणि खिडकीतलं ऊन तिच्या आरपार चाललेलं!

"त्याच जोड्या शेजारच्या रेणूचा हायड्रोजन धरतात," तो म्हणाला. या वेळी तो घडाघडा बोलत नव्हता, एकेक शब्द शोधत होता. "प्रत्येकाला चार शेजारी. गोठले की ते अंतर राखून उभे राहतात... मध्ये पोकळी राहते. म्हणून बर्फ..."

"तरंगतो," ती म्हणाली.

तिने एक तुकडा बादलीत टाकला. तो बुडाला, वर आला, डोलत राहिला. जन्मापासून ती हे बघत आली होती, पण आज तिच्या अंगावर काटा आला. दोघांनी लादीवर तळवे टेकवले, अगदी शेजारी शेजारी. तिची बोटं बधिर झाली तरी हात काढावासा वाटेना.

"हात गळून पडतील रे पोरांनो!" बाबा ओरडले.

शनिवारी बाईंनी मुद्दाम सातवाच प्रश्न विचारला. गारगोटीने दोन हात हायड्रोजनांसारखे पसरले, मग डोक्यामागे दोन जोड्यांची जागा दाखवली आणि हात हळूहळू जवळ आणले. ती कुठेही अडखळली नाही. बाई म्हणाल्या, "बस खाली. विज्ञानातच बस!" आणि वर्गाने बाकं वाजवली.

तास सुटला तेव्हा बाहेर व्हरांड्यात घोक्या उभा होता. तो हसला, मग चपलेकडे बघू लागला. "चला... आता यायला काही कारण उरलं नाही."

आठवडाभर ती नापास होण्याला घाबरत होती. पास झालं की हा यायचा थांबेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"उद्या ये," ती म्हणाली.

"कुठला धडा?"

"पुस्तक आणू नकोस."

"मग मी बोलू काय? मला पाठ असलेलंच बोलता येतं."

"मी बोलते आधी." तिने नजर हलवली नाही. "मला तू आवडतोस. अभ्यासासाठी नको येऊस. माझ्यासाठी ये."

त्याचे कान लालबुंद झाले.

"मला पण... म्हणजे तू... अगं, त्या पेपरापासूनच..."

पुढचं वाक्य काही केल्या त्याला जुळवता येईना. ती कठड्याला टेकून उभी राहिली आणि त्याला हवा तेवढा वेळ दिला.