पहिला नमुना

थोरली संग्रहालयाच्या मागच्या खोलीत भिंगाखाली सुईने दगड टोकरत बसायची आणि बाबा तिची फिरकी घ्यायचे. "मी सुरुंगाने फोडायचो, तू सुईने फोडतेस. वर साहेबीण तू!" हसता हसता त्यांना ढास लागायची. मग घरात कुणालाच हसू येत नसे. खाणीची धूळ त्यांच्या छातीत बसली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

हा दगडही बाबांनीच खाणीतून आणलेला. आत फुप्फुसमाशाची कवटी होती, पाणी आटलं की गाळात निजून हवेवर जगणाऱ्या माशाची. टाळूवरच्या दातांच्या कंगोऱ्यांसकट अख्खी. असे कंगोरे आजवर कुणी पाहिले नव्हते. या नव्या जातीला बाबांचं नाव द्यायचं, आणि तेही त्यांच्या डोळ्यांदेखत, असं थोरलीने मनाशी पक्कं केलं होतं. दुसरं काही तिला सुचतच नव्हतं.

कवटीची उजवी नाकपुडी मोकळी झाली त्या दिवशी बाबा कितीतरी महिन्यांनी आडवे होऊन झोपले. धाकटीने आनंदाने फोन केला. थोरलीने नव्या औषधाचे आभार मानले. डावी मोकळी झाली त्या संध्याकाळी बाबा जिना चढून गच्चीवर जाऊन बसले होते. त्यांना तसं पाहून तिला रडू आलं. योगायोग, तिने स्वतःला बजावलं. पण दुसऱ्या दिवशी ती संग्रहालय उघडायच्या आधीच दाराशी हजर होती.

टाळूमागची शेवटची खपली निघाली तेव्हा ओल्या चिखलाचा वास आला. कोरड्या ठणठणीत दगडातून. टेबलावरची भुकटी नाकपुडीकडे सरकली. मग दूर सरली.

तिने पंखा बंद केला. खिडकी लावून घेतली.

पातळ कागदाचा कपटा नाकपुड्यांवर ठेवला. तो उचलला गेला, थबकला, खाली बसला. ते थबकणं तिच्या ओळखीचं होतं. बाबांच्या उशाशी बसून ती त्यांच्या श्वासातलं तेच थबकणं संपायची वाट बघत आली होती.

"झालं का बाई?" भांडारपाल दारातून डोकावले. "नाव एकदा छापून येऊ द्या, की हिची रवानगी हवाबंद पेटीत. जातीचा पहिला नमुना, वारासुद्धा लागता कामा नये."

"पेटी उघडी ठेवली तर?"

"भलतंच काय! नियम आहे तो."

ती तडक घरी आली. बाबा ताटावर बसले होते, धाकटीशी अखंड बोलत. गालांवर रंग होता. शर्टाचं बटण उघडं दिसलं म्हणून थोरली लावायला वाकली, आणि तिचा हात त्यांच्या छातीवर राहिला.

आत ठोके नीट पडत होते. बाकी सगळं स्तब्ध.

"थोरले, माझं नाव कधी देतेस गं त्या माशाला?"

"अजून साफ करायचं राहिलंय, बाबा. बरंच राहिलंय."

"कमाल आहे! माझ्या हाती दिला असतास तर एका सुरुंगात मोकळा!"

बाबा खदखदून हसले. ढास लागली नाही. धाकटीही हसली.

थोरलीचा हात तिथेच होता. हसतानाही छाती हलली नाही.