कप्तानांचा प्रश्न

बादली तिच्या हातातून निसटली आणि कोमट, साबणाचं पाणी थेट एका माणसाच्या बुटांवर सांडलं.

"अगंबाई! माफ करा हं…" घाईत तिच्या तोंडून आपलीच भाषा निघाली. मिशनच्या कामासाठी या परक्या देशात येऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता.

"असू द्या. तसेही ते धुवायचेच होते." उत्तर आलं… तेही तिच्याच भाषेत!

तिनं मान वर केली. हातात कंगव्या-कात्रीची पेटी, ओठांवर हसू, कपाळावर एक हट्टी बट. आईवडील तिच्याच मुलखातून इथं येऊन राहिलेले. तो इथं जन्मलेला न्हावी. दर बुधवारी आपलं दुकान बंद ठेवून मिशनच्या दालनात बेघर माणसांचे केस कापायला यायचा.

"आणि तुम्ही?" त्यानं विचारलं.

"मी इथली नवी सिस्टर."

त्याचं हसू फुंकर मारल्यासारखं विझलं. नजर तिच्या डोक्याला घट्ट बांधलेल्या पांढऱ्या रुमालावर गेली, आणि तिथून जी जमिनीवर उतरली ती पुढे सहा महिने वर म्हणून आली नाही.

सहा महिने! ती रस्त्यावर राहणाऱ्यांचे पाय धुवायची, जखमा बांधायची आणि हे करता करता गायची. तिचे आजोबा शुभवर्तमान नुसतं सांगत नसत, गाऊन सांगत; गोष्टीतलं हरवलेलं मेंढरू सापडेपर्यंत अख्खं चर्च डोळे पुसत बसे. तोच सूर तिच्या गळ्यात उतरला होता. इथल्या लोकांना शब्द कळत नसत, पण प्रभूची माया कळायला शब्द कुठे लागतात! सगळे पाय पाण्यात सोडून शांत ऐकत.

आणि पलीकडच्या खुर्चीमागे कात्री तिच्या गाण्याला ठेका धरायची. कच्-कच्, कच्-कच्… ती मुद्दाम लय वाढवायची. कात्रीही मागे हटायची नाही. खुर्चीतला माणूस बिचारा जीव मुठीत धरून बसायचा. तालाला इतका पक्का माणूस, आणि बोलायला असा कंजूष! "हो सिस्टर", "नको सिस्टर". बस्स. माझ्या तोंडाला काय काजळी लागलीय का, असं तिला दर बुधवारी वाटायचं.

तिची खरी गट्टी जमली ती कप्तानांशी. ते कधीकाळी जहाजावर होते, आता एका बसथांब्याच्या आडोशाला राहत. सुरुवातीला त्यांनी पायातले बूट काढूच दिले नाहीत. रस्त्यावर बूट काढले की ते आपले राहत नाहीत, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तिनं आग्रह केला नाही. शेजारी नुसती बसत गेली. त्यांनी तिला दोराच्या गाठी शिकवल्या, ती चुकली की "बुडालं जहाज!" म्हणून ओरडायचे. नवव्या बुधवारी त्यांनी आपणहून बूट काढले आणि तिच्या मांडीवर ठेवले. सांभाळ, म्हणून. पायाची जखम किती चिघळली होती ते तेव्हा दिसलं. ती हसत-रडत पट्टी बांधत राहिली.

आणि आज तिच्या सहा महिन्यांच्या मुदतीतला शेवटचा बुधवार. आणखी वर्षभर राहायचं की परत जायचं, हे तिला संध्याकाळपर्यंत मिशनच्या प्रमुख पाळकबाईंना कळवायचं होतं. कप्तानांसारखी माणसं सोडवत नव्हती. पण न्हाव्याच्या त्या झुकलेल्या पापण्यांसमोर अजून बावन्न बुधवार… ते सोसणार नव्हतं. तिनं जायचं ठरवलं. एवढी मोठी गोष्ट कप्तानांना मोडक्यातोडक्या भाषेत सांगवेना, म्हणून ती न्हाव्याकडे वळली.

"त्यांना सांगता का… मी शनिवारी परत जातेय म्हणून?"

कात्री थांबली.

"जाताय?"

"हो."

त्यानं सांगितलं. कप्तानांनी टबातल्या पाण्यात पाय आपटला. मग भरभर काहीतरी विचारलं, आणि न्हावी कानापर्यंत लाल झाला.

"काय म्हणतात?"

"काही नाही… म्हातारं माणूस…"

"अहो, सांगा की!"

"ते विचारतात… तुम्ही स्वतःला देवाला वाहून घेतलंत, तेव्हा कुणी… कुणीच अडवलं नाही का?"

"मी? कधी वाहून घेतलं?"

"तुम्ही सिस्टर ना!"

"सिस्टर म्हणजे नर्स! तीन वर्षांचा कोर्स केलाय मी. आमच्याकडे नर्सला सिस्टरच म्हणतात!"

"इथं सिस्टर म्हणजे… मठातली. लग्न न करणारी." त्यानं कंगव्यानं तिच्या डोक्याकडे खूण केली. "आणि हा पांढरा रुमाल?"

"उवा लागू नयेत म्हणून बांधलाय हो!"

खुर्चीतला गृहस्थ अर्धेच केस कापलेल्या डोक्यानं वळून दोघांकडे बघू लागला.

"सहा महिने," न्हावी हळूच म्हणाला, "दर बुधवारी घरी गेलो की देवाची माफी मागतोय मी."

"कशाबद्दल?"

"शर्टाबद्दल. इथं येताना दर वेळी इस्त्रीचा शर्ट घालतो. आई म्हणते, केस कापायला चाललास की वरातीला?"

ती खळखळून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "देवाला कशाला त्रास दिलात? मला विचारायचं होतं."

आता कुठे त्याची नजर वर आली… आणि तिथंच राहिली.

"मग विचारतो. शनिवारी… नाही गेलात तर?"

तिनं कप्तानांचा ओला पाय टॉवेलवर घेतला, बोटांच्या बेचक्यांतून हलक्या हातानं टिपला. "राहते. पाळकबाईंना सांगते आत्ताच. ही माझी माणसं आहेत, यांच्यासाठी राहते." मग आवाज अगदी खाली आला. "आणि… खोटं कशाला बोलू, तुमच्यासाठीही. फार आधीपासून."

कप्तानांना धीर निघेना. त्यांनी न्हाव्याची बाही ओढली. काय म्हणाली, काय म्हणाली ती?

"राहतेय म्हणाली," न्हाव्यानं त्यांच्या भाषेत सांगितलं.

"एवढंच? एवढा वेळ बोलत होती की!" आता एवढं तिलाही कळत होतं.

"बाकीचं," तिच्यावरून नजर न हटवता तो म्हणाला, "मी कुणालाच सांगणार नाही, कप्तान."