ओलं वल्हं

मला घाण खपत नाही. शिडं शिवण्याचा माझा धंदा. पांढऱ्या कापडावर एवढासा डाग पडला तरी माझं डोकं फिरतं. त्यात धक्क्याला बांधलेली आमची होडी. दादाने आणि मी दोन वर्षं राबून ती उभी केली होती, आणि रोज सकाळी कुरव पक्षी तिचा उकिरडा करून ठेवत. डेकवर शिंपले फोडायचे, शिडाचं आवरण फाडायचे. उंदीर दोर कुरतडायचे ते वेगळंच.

चकाकत्या पट्ट्या लावल्या, तारा ताणल्या, प्लास्टिकचं घुबड बसवलं. दुसऱ्या दिवशी एक कुरव घुबडाच्याच डोक्यावर ऐटीत बसलेला. दादा पोट धरून हसला.

मी वल्हं उचललं.

एका फटक्यात मरायला हवा होता. सात लागले. दादा "अरे बास कर!" म्हणून ओरडत होता, पण माझा हात थांबेना. खरं सांगतो, थांबावंसं वाटतही नव्हतं. मग त्याच्या डाव्या पायाला दोर बांधून त्याला डोलकाठीवर उलटा टांगला. एक टांगला की बाकीचे फिरकत नाहीत, असं जुने खलाशी सांगायचे.

"उतरव तो. बघवत नाही," दादा म्हणाला.

"राहू दे आठवडाभर."

डेक स्वच्छ राहिलं. तिसऱ्या सकाळी मात्र दोरावर दोन कुरव होते.

"एकाने भागलं नाही का रे तुझं?"

"दादा, दुसरा मी नाही टांगला."

पहिल्यासारखंच त्याचंही डोकं डावीकडून फुटलं होतं. गाठ माझीच होती. शेवटी एक उलटा वेढा घ्यायची मला खोड आहे. वडिलांनी कितीदा हातावर मारलं तरी ती गेली नाही.

पुढे दोन उंदीर. मग धक्क्यावरचं मांजर, जे रोज माझ्या पायाशी येऊन बसायचं. त्याच्या अंगावरचे घाव मी मोजले. सात. वल्हं रोज ओलं असायचं. शेवटी मी करवतीने त्याचे दोन तुकडे केले आणि समुद्रात फेकले.

"मी आज दुपारी सगळं उतरवून टाकतो," दादा म्हणाला. "तू तुझं काम बघ."

दुपारी धक्क्याजवळच्या माझ्या शिडांच्या कारखान्यात दोन गिऱ्हाइकं समोर बसली होती. होडीकडून आवाज आला. धप्प. परत धप्प. लाकूड मांसावर पडतं तसा.

मी धावत सुटलो. मोजत होतो.

सहाव्याला किंचाळलो, "दादा!"

आवाज थांबला.

दादा डेकवर पडला होता. डाव्या पायाला दोर, कपाळ डावीकडून फुटलेलं. आसपास कोणी नाही. मला बघताच त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"बास कर रे," तो म्हणाला.

दोन्ही गिऱ्हाइकांनी साक्ष दिली म्हणून पोलिसांनी मला सोडलं. "सहा घाव आहेत," डॉक्टर म्हणाले. "नशीब बलवत्तर. वाचतील."

आज चार वाजता दादासाठी डबा घेऊन इस्पितळात गेलो. भीती होती, तो मला बघून परत तोंड झाकेल. जिना चढलो तर नर्सबाई माझ्यावरच खेकसल्या.

"अहो, मघाशी ते वल्हं दाराशी टेकवून कुठे गेलात? उचला आधी ते. केवढं पाणी गळतंय!"

मी तर आत्ताच येत होतो.

दादाच्या खोलीचं दार बंद होतं. दाराशी पाण्याचं थारोळं होतं. वल्हं नव्हतं.